कातरीनबायचा रहाट

वसईच्या पट्ट्यात, खाडीकडे पाठ करून बसलेले गाळवे नावाचे गाव आहे. तिथल्या देवळात (इकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात) डाव्या बाजूच्या वेदीवर संत कातरीनाची लाकडी मूर्ती आहे. गाव तिला कातरीनबाय म्हणते. मुंबई-पुण्याहून जुनी कला बघायला येणारे पाहुणे तिच्यासमोर थबकतात आणि हळूच हसतात. युरोपातल्या जुन्या देवळांत ही हुतात्मा संत कशी दाखवतात, ते त्यांनी पुस्तकांत पाहिलेले असते. हातात तलवार, पायाशी दुष्ट बादशहा आणि शेजारी खिळे ठोकलेले मोडके चाक. इथे तलवार आहे, बादशहाही आहे. पण चाकाला खिळे नाहीत, मडकी बांधलेली आहेत. कातरीनबायच्या पायाशी चक्क वाडीला पाणी देणारा रहाट मोडून पडला आहे.

पाहुण्यांना हसू द्यावे. मग त्यांना देवळामागच्या बावखलाच्या काठावर न्यावे, सावलीत बसवावे आणि इनास नावाच्या बाईची गोष्ट सांगावी. ती ऐकून अजून कोणी हसत परत गेलेले नाही.

फिरंग्यांचे, म्हणजे पोर्तुगीजांचे, राज्य होते, तेव्हाची ही गोष्ट. गाळवे तेव्हा सगळे पानवेलींचे आणि केळीचे. पाणी या बावखलाचे. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे मोठे तळे. त्याच्या काठाने घरोघरचे रहाट होते आणि रेडे ते फिरवत. इनासचा नवरा बस्त्याव सुतार. गावातले बहुतेक रहाट त्याच्या हातचे. इनास पानवेली सांभाळायची. मूलबाळ नव्हते, त्यामुळे त्या वेलींवर तिची माया जरा जास्तच, असे सांगतात.

नवे देऊळ बांधून झाले, तेव्हा पाद्रीने मूर्तीचे काम बस्त्यावला दिले. नमुन्याला चित्र नव्हते. पाद्रीने नुसती हकिकत सांगितली. कातरीना नावाची शिकलेली पोरगी होती, बादशहाच्या तोंडावर तिने सांगितले की तुझ्या देवापुढे मी वाकणार नाही. बादशहाने तिला मोठ्या चाकावर बांधून मारायचा हुकूम सोडला आणि तिचा हात लागताच ते चाक मोडून पडले. बस्त्यावने मान डोलावली. गाडीचे चाक काही मोठे नव्हे. त्याच्या माहितीत मोठे चाक एकच, त्याने तेच केले. मडकीसुद्धा हौसेने कोरली बिचाऱ्याने.

त्याच उन्हाळ्यात दोम लुइश नावाच्या फिरंगी जमीनदाराने बावखल बळकावले. त्याला ऊस लावायचा होता. गावचे सगळे रहाट त्याने बंद करवले आणि स्वतःचा एकच, भला मोठा रहाट बसवला. पाणी त्याच्या उसाला. गावाला प्यायला दोन घागरी मिळाल्या तरी उपकार. इनासच्या वेली कडेने पिवळ्या पडू लागल्या. ती रोज सकाळी पिवळी पाने खुडायची आणि दातओठ खायची. बोलणार कोणापुढे?

ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी मूर्ती वेदीवर बसली. दोम लुइश पुढच्या खुर्चीत होता. मूर्तीवरचा पडदा सरला तसा तो ताडकन उठला. संताच्या पायाशी मोडका रहाट! भर देवळात गावाने आपल्याला डिवचले, असे त्याला वाटले.

हा माणूस इथेच जन्मलेला, गावची बोली त्याला चांगली येत होती. मिस्सेची प्रार्थना संपताच देवळाच्या पायऱ्यांवर त्याने बस्त्यावला उभे केले आणि विचारले, "ही चूक आहे की मुद्दाम?"

पाद्री घाईघाईने मध्ये पडला. "चूकच आहे, सायब. बस्त्याव, बाबा, तू सांग ना. आठवड्यात दुसरे चाक बसवून देतो म्हण."

आता खरे बोलायचे तर ती चूकच होती. बस्त्यावच्या मनात डिवचणे वगैरे काही आलेच नव्हते. तो हात जोडून तसे सांगणारच होता. पण इनास मागे उभी राहून जमीनदाराच्या चेहऱ्याकडे बघत होती. एवढा मोठा माणूस, शिपाई बाळगणारा, लाकडाच्या चाकाला घाबरला होता. तिला ते लख्ख दिसले आणि महिनाभर गिळलेला राग एकदम वर आला.

"मुद्दाम," ती म्हणाली.

बस्त्यावने तिचा हात ओढला. "इनास, गप ऱ्हा."

"नाय ऱ्हाणार. सायब, चाक मुद्दाम केलंय. आमच्या वेली मरतात आणि तुमचा ऊस पाणी पितो. तुमचा रहाट असाच मोडणार हाय, म्हणून केलंय."

दोम लुइश लालबुंद झाला. त्याने आपल्या रहाटाचा रेडा सोडायला लावला आणि त्याच्या जागी इनासला जुंपायचा हुकूम दिला. चूक झाली म्हणेपर्यंत ती रहाट ओढील.

शिपायांनी तिला बावखलावर नेऊन तिच्या खांद्यावर दांडा दिला, पाठोपाठ सगळे गाव काठावर जमले. दुपारचे ऊन, तापलेली माती, अनवाणी पाय. रेड्याला जड जाणारा तो रहाट एका बाईने कसा हलवला, ते कातरीनबायच जाणे. पण हलवला. प्रत्येक फेऱ्याला दोम लुइश विचारी, "चूक की मुद्दाम?" आणि ती म्हणे, "मुद्दाम." पुढे पुढे तिचा आवाज फुटेना, तरी ओठ हलत. खांदा सोलवटला. एकदा ती गुडघ्यावर आली. जमीनदार वाकून म्हणाला, "एक शब्द बोल आणि घरी जा." म्हणे, ती त्याच्या बुटांवर थुंकली आणि उठली.

तेव्हा बस्त्याव गर्दीतून पुढे आला. तसा भित्रा माणूस. तो बायकोच्या शेजारी गेला आणि दांड्याला खांदा लावला. "आणि तू?" दोम लुइशने विचारले. "मूर्ती तूच केलीस. चूक की मुद्दाम?"

"मुद्दाम," बस्त्याव म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच तो खोटे बोलला असावा. पण त्या घटकेपासून ते खरे झाले, असे गाळव्यात मानतात.

मग काय! मिस्सेला आलेल्या बायकांनी नेसूचे कासोटे खोचले आणि त्या दांड्याकडे धावल्या. पाठोपाठ पुरुष. ज्याला दांडा मिळेना त्याने पुढच्याची पाठ ढकलली. शिपाई तरी किती जणांना अडवणार? रेड्याने कधी फिरवला नव्हता अशा वेगाने रहाट फिरू लागला, मडकी एकमेकांवर आपटून फुटू लागली आणि मधला आस कडाडून तुटला. दोम लुइशचा रहाट सगळ्या गावादेखत बावखलात कोसळला.

कोणी म्हणतात, कातरीनबायने हात लावला. कोणी म्हणतात, गावानेच मोडला. गाळव्याची माणसे यावर वाद घालत नाहीत. त्यांना दोन्ही पटते. जमीनदाराने नवा रहाट करून घ्यायला खाडीपर्यंतचे सगळे सुतार बोलावले. एकही आला नाही. त्याचा ऊस वाळला आणि पावसाच्या आत गावचे रहाट पुन्हा काठावर फिरू लागले. मूर्तीचे चाक बदलायचे नाव पाद्रीने परत काढले नाही.

इनासचा उजवा खांदा मात्र कायमचा खाली झुकला. त्या खांद्यावर पुन्हा कधी घागर चढली नाही. गावच्या बायका तिचे पाणी भरून द्यायच्या, ती मरेपर्यंत.

आता बावखलावर पंप आला आहे, रहाट कोणाकडे उरला नाही. तरी आजही ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी गाळव्याचे सुतार एक रहाट उभा करतात. त्या वर्षी लग्न होऊन गावात आलेली सून त्याच्या दांड्याला उजवा खांदा लावते. काठावरून अख्खे गाव तिला ओरडून विचारते, "चूक की मुद्दाम?" ती लाजत, पुटपुटत बोलली तर गाव ऐकत नाही, पुन्हा विचारते. ती पोटातून ओरडेपर्यंत विचारत राहते. मग सगळ्या बायका तिच्या मागे दांड्याला लागतात, आणि रहाट मोडल्याशिवाय कोणी घरी जेवायला जात नाही.