स्क्रूनं घट्ट धरलं त्याची गोष्ट

फार वर्षांपूर्वी, एका सकाळी बरोबर सव्वानऊ वाजता, जुन्या मोटारीच्या लाकडी पट्टीतला गंजलेला स्क्रू अडून बसला. पट्टीला पॉलिशला जायचं होतं.

"मी सोडलं तर ही पडेल हो!" स्क्रू म्हणाला.

हातोडी म्हणाली, "देऊ का दोन ठोके?"

"अगं बये, मीच तडकेन आणि चुलीत जाईन!" पट्टी रडकुंडीला आली.

तेल पाजलं, तरी स्क्रू ढिम्म. शेवटी म्हातारा स्क्रूड्रायव्हर लाडानं म्हणाला, "नको सोडूस राजा, अजून घट्ट धर तिला."

स्क्रू खूश होऊन जरासा आत वळला, तसा कटकन गंज सुटला. मग स्क्रूड्रायव्हरनं त्याला अलगद उलटा फिरवून बाहेर काढलं.

"बघितलंत? शेवटपर्यंत सोडलं नाही!" डबीत पडल्या पडल्या स्क्रू सांगत होता.

ही युक्ती शेजारणींनाही सांगा. फक्त घरातल्या स्क्रूच्या कानावर जाऊ देऊ नका.