डांबराखालचा पत्रा

जुन्या मोटारींना नवे आयुष्य देणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे एकदा एक व्यापारी वडिलोपार्जित गाडी घेऊन आला. याच गाडीतून त्याची आई नववधू होऊन घरी आली होती. आता ती पंच्याऐंशीची होती आणि एकदा तरी याच गाडीतून घाट चढून माहेरी जायचे, असा तिचा हट्ट होता.

"तळाची काळजी नाही," व्यापारी म्हणाला. "गंज लागू नये म्हणून बारा वर्षांपूर्वी तुम्हीच खालून डांबर मारलंय, मिस्त्री. वरून रंग तेवढा द्या."

मिस्त्रीची शिष्या, नुकतीच डिप्लोमा झालेली मुलगी, गाडीखालून बाहेर आली.

"उस्ताद, डांबर खरवडून पत्रा बघायला हवा."

"माझं डांबर?" म्हातारा हसला. "चाळीस वर्षं हेच मारतोय. तुझा जन्म तरी झाला होता का?"

"नव्हता. पण गंज कुठे कुणाचं वय विचारतो?"

"मिस्त्री, पोरगी भलतीच तिखट आहे हो!"

"शेठ, आई मागे बसणार ना? मग तिथलाच तळ बघू." तिने पुन्हा गाडीखाली हात घालून त्या काळ्या, गुळगुळीत तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर दिला. तो मुठीपर्यंत आत गेला. ओला तांबडा भुगा तिच्या मनगटावर सांडला.

मग वृद्धाने एक विचित्र गोष्ट केली. तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन तो स्वतः गाडीखाली सरकला आणि तळाला भोकांमागून भोके पाडत सुटला.

"अहो, गाडी आहे माझी, चाळण नव्हे!" व्यापारी ओरडला.

वृद्ध बाहेर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या मिशा तांबड्या झाल्या होत्या.

"शेठ, गंज पुरता न काढताच मी वर डांबर चढवायचो. दिसायला झकास. पुढे डांबराला भेग पडते, पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. तुमचा पत्रा माझ्याच थराने खाल्ला. हिने एक भोक पाडलं. बाकीची मी आत्ताच पाडली नसती, तर उद्या तुम्हाला म्हणालो असतो, की एवढी एकच जागा खराब होती." तो शिष्येकडे वळला. "सांग, कसं करायचं?"

"सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. चांगला पत्रा चकाकेपर्यंत घासायचा. ब्रश पोचत नाही त्या खड्ड्यांतच गंज थोपवणारं रसायन, मग प्रायमर, मग रंग. पोकळ भागांत मेण सोडायचं. आणि पाणी निघून जायची भोकं बुजवायची नाहीत."

वृद्धाने निमूटपणे तारेचा ब्रश उचलला.

दोन महिन्यांनी गाडी दमदारपणे घाट चढली. मागे बसलेल्या आईने दोन्ही पाय तळावर आपटून पाहिले आणि ती म्हणाली, "सासरे असताना सुद्धा एवढी ठणठणीत नव्हती रे!"

दुसऱ्या सकाळी मिस्त्रीने एकेका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावायला घेतला.

"गाडी घेऊन या, तळ उघडून बघायचाय. छे, मी नाही हो. आमच्या मॅडम बघतील."