सरकारचं वजन

बोरखडी नावाच्या गावात एक भोळा गडी होता. तसं गाव सगळं भोळंच, पण बाकीचे सोयीनं भोळे व्हायचे. हा बारमाही भोळा. नाव त्याचं ग्यानबा. बारशाच्या दिवशी आत्याला थट्टा सुचली असावी.

त्याच गावात नर्सबाई राहायच्या. नोकरीतून रिटायर झाल्या होत्या, हुकूम सोडण्यातून नव्हत्या. अर्धं गाव त्यांच्या हातून जन्मलेलं. ग्यानबाला जन्मल्यावर पहिली चापट त्यांनीच मारली होती, आणि पुढं त्या कामात खंड पडू दिला नव्हता.

बाईंचा भाचा परदेशी गेला आणि जाताना आपला पाळीव सरडा मावशीच्या गळ्यात मारून गेला. परदेशी जातीचा सरडा, शेपटासकट वीतभर, गळ्याखाली काटेरी दाढी. काचेच्या पेटीत दिव्याखाली दिवसभर पडून राहायचा. कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायचा. पुढ्यात आलं की गिळायचा. काम म्हणून काडीचं नाही. म्हणून बाईंनी त्याचं नाव ठेवलं सरकार.

सरकारला खायला लागत जिवंत रातकिडे. ते बाईंनी एका मोठ्या डब्यात, अंड्यांच्या पुठ्ठ्याचे ट्रे रचून पाळले होते. रात्रभर त्यांची किरकिर चाले. गावातल्या सभांपेक्षा बरी, कारण ती सकाळी थांबायची.

आता झालं काय, सरकार अशक्त झालं. पाय थरथरू लागले. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. म्हशी त्यांनी पुष्कळ तपासल्या होत्या, सरकार पहिल्यांदाच हातात धरलं. काट्यावर ठेवलं. तीस ग्रॅम.

"पुढच्या सोमवारी पुन्हा वजन करू," डॉक्टर म्हणाले. "वाढलं तर सरकार वाचलं. घटलं तर काही खरं नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गावानं बाईंना रडताना पहिल्यांदा पाहिलं. सरकारसाठी कुणी रडतं, हेही गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंनी ग्यानबाला कामावर घेतलं. "किडे धडधाकट तर सरकार धडधाकट. सोमवारी वजन वाढलेलं दिसलं तर तुला कायमचा ठेवीन. नाहीतर जा तुझ्या मामाच्या वीटभट्टीवर."

वीटभट्टीचं नाव काढताच ग्यानबानं बाह्या सरसावल्या. त्यानं काम मनावर घेतलं. आळशी खुळा एक वेळ परवडतो. हा कष्टाळू होता.

मंगळवारी बाई म्हणाल्या, "किड्यांना वाटीत पाणी ठेवू नकोस, बुडून मरतात. कापूस भिजवून ठेव. तो चोखतात."

ग्यानबानं ओला कापूस ठेवला. किडे खूश.

दुपारी सरपंच तात्या ढमाले उन्हातून आले आणि ओसरीवर टेकले. "ग्यानबा, पाणी आण गड्या. घसा वाळला."

ग्यानबानं बशीत ओल्या कापसाचा बोळा आणून ठेवला.

"ह्ये काय?"

"चोखा, तात्या."

"आरं तांब्या आण की!"

"नगं. बुडून मराल. मग गावाचं कसं हुईल?"

गावाचं तसं बरंच झालं असतं, पण ते असो. बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, पाहुणा आला की तांब्या भरून पाणी द्यावं, वर गुळाचा खडा द्यावा!"

"चुकलं, बाई. आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं. ध्यानात ठेवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

बुधवारी शहरातून नव्या किड्यांचं खोकं आलं. बाई आतून ओरडल्या, "ग्यानबा, पाहुणे आले रे आपले! बघ त्यांच्याकडं!"

ग्यानबानं बघितलं. तांब्या भरून आणला. पाहुण्यांना तो उचलेना, म्हणून यानंच खोक्यात ओतला. वर गुळाचा खडा टाकला. दोनशे पाहुण्यांतले चाळीस जागच्या जागी गेले. उरलेले गुळाला चिकटले.

"अरे कर्मा!" बाई ओरडल्या. "नवीन आलेल्यांचा असा थाट करतात का? त्यांना आधी वेगळं ठेवायचं, कडी लावून. आठ दिवस बघायचं, रोगबिग नाही ना. मग जुन्यांत सोडायचं!"

"चुकलं, बाई. आता ध्यानात ठेवतो."

गुरुवारी शेजारच्या यमुनाकाकींच्या विलासची नवरी घरी येणार होती. काकींनी ग्यानबाला हाताखाली मागून नेलं. नवरीनं माप ओलांडलं, पाऊल आत टाकलं, आणि ग्यानबा लगबगीनं पुढं झाला. "वैनी, तुमची सोय हिकडं." तिला त्यानं शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

विलास धावत आला. "ग्यान्या, दार उघड!"

"आठ दिस बघायचं. रोगबिग न्हाई ना. मग जुन्यांत सोडू."

आत नवरी रडतेय, बाहेर नवरा रडतोय, शेळ्या दोघांना साथ देतायत. यमुनाकाकी मात्र जरा विचारात पडल्या. "आठच दिस का रं?" असं त्यांनी हळूच विचारलं म्हणे. त्या आता नाही म्हणतात.

नर्सबाईंनी येऊन कडी काढली आणि ग्यानबाचा कान धरला. "गाढवा, नव्या माणसाला असं वेगळं पाडतात का? सगळ्यांत मिसळू द्यावं. एका ताटात जेवू घालावं!"

"चुकलं, बाई. आता ध्यानात ठेवतो."

शुक्रवारी ग्यानबानं बघितलं तर किडे एका डब्यात, सरकार दुसऱ्या पेटीत. एकाच घरात राहून एकमेकांकडं नुसतं काचेतून बघणं चाललंय. त्याला भरून आलं. त्यानं डबा उचलला आणि दीडशे किडे सरकारच्या पेटीत ओतले. मधोमध भोपळ्याची फोड ठेवली.

"जेवा आता एका ताटात!"

सरकारनं पाच किडे गिळले आणि दमलं. किडे दमले नव्हते. भोपळा संपवून त्यांनी सरकारच्या शेपटीकडं मोर्चा वळवला.

बाईंनी चिमट्यानं एकेक किडा ओढून काढला. शेपटी कुरतडलेली, सरकार डोळे मिटून पडलेलं. बाईंचा आवाज चिरकला. "अरे, मोजून सोडायचे असतात! दहा मिनिटांत खाऊन होतील तेवढेच. दहा मिनिटं झाली की उरलेले उचलून बाहेर! ते तिथं बसून राहिले की सरकारलाच कुरतडतात!"

"चुकलं, बाई. आता ध्यानात ठेवतो."

शनिवारी विलासच्या घरी पूजेचं जेवण होतं. काकींनी वाढायला पुन्हा ग्यानबालाच बोलावलं, कारण हाकेला ओ देणारं दुसरं कुणी नव्हतं. पहिल्या पंगतीला सरपंच, पंचायतीचे मेंबर आणि पुलाचा ठेकेदार. पूल गेली सहा वर्षं चालू होता. म्हणजे त्याचं काम चालू होतं, पुलावरून कुणी चालत नव्हतं.

ग्यानबानं घड्याळ बघितलं. दहा मिनिटं झाली. त्यानं सरपंचांच्या बखोटीला धरलं आणि तोंडातल्या बुंदीसकट उचलून मांडवाबाहेर ठेवलं. मग मेंबर. मग ठेकेदार, त्याला दोन खेपा लागल्या.

"आरं, काय चाललंय ह्ये?" सरपंच बुंदी गिळत ओरडले.

"उरल्यालं भाईर काढतोय, तात्या. हितं बसून ऱ्हायलं की सरकारलाच कुरतडत्यात."

ठेकेदार चपला शोधू लागला. मागच्या पंगतीत शाळेच्या मास्तरांनी जोरात टाळी वाजवली आणि सगळे वळून बघायला लागल्यावर डास मारल्याचं सांगितलं.

बाई हात जोडून सगळ्यांची समजूत काढत फिरल्या. मग ग्यानबाकडं वळल्या. "जेवत्या माणसाला उठवतात का रे? उलट हात जोडून आग्रह करावा. पोट भरेस्तोवर वाढावं. दारात आलेलं कुणीही उपाशी जाता कामा नये. कुणीही!"

"चुकलं, बाई. आता ध्यानात ठेवतो."

रविवारी बाईंनी त्याला कशालाच हात लावू दिला नाही. डब्यातलं कुजकं काढलं, डबा कोरडा केला, नवे ट्रे रचले. किड्यांना गाजर, शेवग्याचा पाला, गव्हाचा कोंडा घातला. किडे टणाटण उड्या मारू लागले. सरकारनं आठ खाल्ले, डोळे उघडले आणि बाईंकडं बघून मान हलवली. बाईंनी देवाला साखर ठेवली.

सोमवारी डॉक्टर सकाळच्या एस.टी.नं येणार होते. बाई त्यांना आणायला स्टँडवर निघाल्या. डॉक्टरांचा काटा मागच्या खेपेपासून बाईंकडंच होता. जाताना त्यांनी ग्यानबाला समोर उभं केलं.

"नीट ऐक. किड्याच्या पोटात जे जातं, तेच सरकारच्या पोटात पोचतं. उपाशी किडा म्हणजे रिकामा डबा. खाल्लेलं कुठं जात नाही, खाणाऱ्याच्या पोटातच राहतं. तेव्हा किड्यांना आधी पोटभर घाल. मग त्यांना डॉक्टरांनी दिलेली ताकदीची पांढरी पावडर लाव आणि त्यातले दहा सरकारला दे. कळलं?"

"कळलं, बाई. आन वजन?"

"वजन डॉक्टर बघतील. तू घटू देऊ नकोस म्हणजे झालं."

ग्यानबानं किड्यांना पोटभर घातलं. गाजर घातलं, पाला घातला. सगळं बरोबर केलं. मग पावडर लावायला डब्याचं झाकण काढलं, तोच दारात यमुनाकाकींची तांबडी कोंबडी येऊन उभी राहिली.

दारात आलेली. उपाशी.

ग्यानबानं हात जोडले. "या. बसा." आणि डबा तिच्यापुढं ठेवला.

कोंबडीनं मान तिरकी करून त्याच्याकडं बघितलं. काकींच्या घरी तिला एवढा मान कुणी दिला नव्हता.

"लाजू नगा. घ्या आनखी. ह्यो कोपरा ऱ्हायला बगा."

कोंबडीनं कोपराही घेतला. डबा लख्ख झाला.

आता सरकारला काय द्यायचं? ग्यानबा मटकन खाली बसला आणि जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता विचार करू लागला. गाजर कुठं गेलं? किड्यांत. किडे कुठं गेले? कोंबडीत. खाल्लेलं कुठं जात नाही. म्हणजे वाया काहीच गेलं नाही, फक्त डबा बदलला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं कोंबडीच्या पिसापिसांत पांढरी पावडर चोळली, तिला उचललं आणि सरकारच्या पेटीत सोडून झाकण लावलं.

"घ्या, सरकार. पोटभर."

सरकारनं मान हलवली. कोंबडीनं चोच.

थोड्या वेळानं बाई डॉक्टरांना घेऊन आल्या. ग्यानबा दारातच उभा. चेहरा फुललेला, काखेत पांढरीफटक कोंबडी. बाई पेटीकडं धावल्या. पेटीत दिवा होता, वाळू होती, दोन पिसं होती.

"ग्यानबा, सरकार कुठंय?"

"हाय की, बाई. आत हाय." त्यानं कोंबडी थोपटली. "समदंच आत हाय. कायबी वाया गेलं न्हाई." आणि त्यानं कोंबडी अलगद काट्यावर ठेवली.

बाई भिंतीला टेकल्या. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि काट्यावर वाकून बघितलं.

"पावणेदोन किलो," ते पुटपुटले.

ग्यानबानं कंबरेवर हात ठेवले. "बगा! वाढलं का न्हाई सरकार?"