पहारेकऱ्याची नजर

फार जुनी गोष्ट नाही. भुऱ्या वानर कळपाचा पहारेकरी होता. एकदा त्याने पर्यटकाचा मोबाइल पळवला आणि त्यातल्या हलत्या चित्रांत तो गुंतला. डोळे चुरचुरले, तरी बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी झुडपामागचा बिबट्या त्याला खडक वाटला. म्हातारी वानरी साळू ओरडली, म्हणून पिल्लं वाचली.

“उद्यापासून पहारा माझा,” ती म्हणाली.

“कर, आजी. पण नजर सुधारून मी तो परत मागेन.”

भुऱ्याने मोबाइल पायवाटेवर नेऊन ठेवला. रोज तो झाडाच्या शेंड्यावरून पलीकडचा डोंगर न्याहाळू लागला. डोळे दुखले की मिटायचा, मग पुन्हा लांब बघायचा.

पंधराव्या दिवशी साळूने विचारलं, “त्या डोंगरावरच्या आंब्यावर काय आहे?”

“घार पिल्लाला भरवतेय.”

साळूला नुसतं झाडच दिसत होतं. तिने पहाऱ्याच्या फांदीवर सरकून त्याला जागा दिली.