म्हसू नात्याबाहेरची बायको करतो

डोंगरपायथ्याच्या एका गावात म्हसू नावाचा भोळा माणूस राहायचा. कोणी "जरा थांब" म्हणालं, की दुसरं कोणी "चल" म्हणेपर्यंत तो तिथेच उभा.

आईने त्याला मामाची मुलगी करायचं ठरवलं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंच्या ते कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "म्हसू, नात्यातली मुलगी करू नकोस. घराण्यात काही दोष लपलेले असतात. आई-बाप एकाच रक्ताचे असले, की ते बाळात उतरायचा धोका वाढतो. बाहेरची बघ."

म्हसूला पटलं. त्याला बायको हवी होती आणि गुटगुटीत बाळही.

तो पलीकडच्या गावी मुलगी बघायला गेला. मुलीच्या बापाने पाण्याचा तांब्या पुढे केला. "या पाव्हणं. लाजू नका. आम्हाला घरचेच समजा."

म्हसू वहाणा हातात घेऊन पळत घरी आला.

"आई, ते आपल्या घरचेच निघाले."

"अरे खुळ्या, तशी बोलायची रीत असते. बोलण्यावर जाऊ नको. रक्त बघ."

दुसऱ्या गावी म्हसू कोणाशी बोललाच नाही. पोहे खाता खाता रक्त कुठे दिसतंय का, ते बघत बसला. एक डास मुलीच्या हाताला चावला आणि तिथून उडून म्हसूच्या मनगटावर बसला. पोटभर प्यायला. म्हसूने चापट मारली आणि लाल ठिपका सगळ्यांना दाखवला.

"यात तिचं कोणतं नि माझं कोणतं, सांगा बरं. झालं की एकच रक्त. राम राम."

आईने कपाळावर हात मारला. "डासाने सोयरीक होत नाही रे. दोन्हीकडच्या पणजोबांपर्यंत विचार. कुठेच नातं लागलं नाही, की हो म्हण."

तिसऱ्या गावी हौसा होती. म्हसूने तिचे सगळे पणजोबा विचारले.

"खापरपणजोबाही सांगू का?" हौसा म्हणाली. "वेळ आहे ना तुम्हाला?"

म्हसूला ती फार आवडली. नातं कुठेच लागेना. सिस्टरबाईंनीही मान डोलावली.

सकाळी हौसाच्या दारी लग्न लागलं. दुपारी वऱ्हाड परत आलं. आईने उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलं.

"ओलांड गं, सूनबाई. आता तू आमच्यातलीच."

म्हसूचा चेहरा उतरला. "म्हणजे ही आपल्या नात्यात आली?"

"मग? बायकोपेक्षा जवळचं नातं कोणतं?"

म्हसूने माप उचलून बाजूला ठेवलं. डोळे पुसत हौसाला जीपमध्ये बसवलं आणि थेट सासऱ्याचं दार गाठलं. मांडव अजून उतरवायचा होता.

"काय झालं, जावईबापू?" सासरा धावत आला.

"पोरगी गुणाची आहे हो. सकाळपर्यंत अगदी बाहेरचीच होती. दुसरी असली तर द्या. फक्त तिचं माझ्याशी लग्न लावू नका. तुम्ही लग्न लावता, म्हणून ती नात्यात जाते."