हसरा नृसिंह

"तुझ्या बाबांचा पत्ता हवाय? मिळणार नाही!" उदाजीराजे गादीवरून कडाडले. "आमच्या पेटीत गेलेला पत्ता बाहेर येत नसतो!"

समोर उभी होती द्वारकी. पाचगिरीच्या पेठेत घरोघर फुलं विकणारी माळ्याची मुलगी. काखेत परडी, हातात नारळ, आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

झालं होतं असं. राजेसाहेबांना गंजिफ्याचा भारी नाद. गंजिफा म्हणजे आपले जुने पत्ते हो, गोल गोल, हाताने रंगवलेले, दहा अवतारांचे. नुसतं खेळत बसले असते तर कुणाचं काय जात होतं? पण यांना निराळी चित्रं जमवायचं वेड लागलं! कुण्या चिताऱ्याला लहर आली म्हणून त्याने मत्स्याला मिशा काढल्या. कुणाचा पांढरा रंग संपला म्हणून कल्कीचा घोडा हिरवा झाला. असा पत्ता एखाद्या घरात आहे एवढं कळायचा अवकाश, शिपाई दारात हजर! पत्ता उचलायचा, बदल्यात नारळ टेकवायचा आणि चालू पडायचं. मग राजेसाहेब तो आपल्या डावात घालायचे आणि तिथला साधा पत्ता काढून टाकायचे. इकडे लोकांनी एक पत्ता कमी असताना खेळायचं कसं? त्या जागी नारळ टाकायचा?

द्वारकीच्या बाबांकडे होता हसरा नृसिंह. असा खुदकन हसायचा की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. रोज दुपारी बाबा आणि त्यांचे दोन दोस्त देवळाच्या ओवरीत डाव मांडायचे. पत्ता गेला, डाव मोडला, दोस्तांचं येणं थांबलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवणाला हात लावीनात. शेवटी द्वारकी तो नारळ उचलून थेट दरबारात आली.

"महाराज, तुमचा नारळ परत आणलाय," ती म्हणाली. "ताजा राहिला नाही, पण अख्खा आहे. आमचा पत्ता द्या."

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. राजेसाहेबांचा पारा चढला.

"फार जीभ चालते तुझी! बरं तर! आमच्या निराळ्या पत्त्यांतला एक आम्ही हातात धरणार. त्यावरचं चित्र न बघता पत्ता ओळखायचा! तीनदा ओळखलास, तर नृसिंह तुझा. एकदा जरी चुकलीस, तर वर्षभर राजवाड्याला फुलं फुकट!"

"पत्ते आमच्या घरचे आणू का, महाराज?"

"छट्! म्हणजे खुणा करून ठेवल्या असशील! पत्ते आमचेच!"

हे ऐकून दिवाण भास्करपंत एकदम चुळबुळले. "महाराज, कशाला उगाच पत्ते बाहेर काढायचे? पोरीला एखादं कोडं घालू या की!"

"तुम्ही गप्प बसा, पंत!"

राजेसाहेबांनी मागच्या आरशावर शाल टाकायला लावली. पंखा ढाळणाऱ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग पेटीतून एक पत्ता काढला, अगदी नाकाशी धरला आणि म्हणाले, "हं, सांग!"

"मिशीवाला मत्स्य!" द्वारकी म्हणाली.

राजेसाहेबांनी डोळे चोळले. दरबारी एकमेकांकडे बघू लागले.

"लागला असेल अंदाज! हा सांग!"

"हिरव्या घोड्याचा कल्की. घोड्याला शेपूट काढायचं मात्र राहूनच गेलंय."

राजेसाहेबांनी वाकून बघितलं. खरंच की, शेपूट नव्हतं! इतके दिवस त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. घाम पुसत त्यांनी पेटीच्या पार तळाशी हात घातला आणि तिसरा पत्ता काढला.

द्वारकीने पदर डोळ्यांना लावला.

"अडकली! अडकली!" राजेसाहेबांनी मांडीवर थाप मारली.

"नाही महाराज," ती डोळे पुसत म्हणाली. "हाच आमचा हसरा नृसिंह."

राजेसाहेबांचा हात खाली आला. पत्ता तोच होता!

"पोरी, जादूटोणा करतेस की काय?"

"जादू कसली, महाराज? चित्र तुमच्याकडे असलं तरी पत्त्याची पाठ माझ्याकडेच होती! मत्स्य भिवा नावाड्याचा. तो तंबाखू मळता मळता खेळायचा, त्याची बोटं तिथे उमटलीत. कल्कीची कड सोनारांच्या नातवाने चावलीय. आणि नृसिंहाच्या पाठीवर बाबांच्या हातचा प्राजक्ताचा केशरी डाग आहे. तुम्ही कुणाचं काय नेलंत, हे मी रोज दारोदारी ऐकते. फुलं कमी आणि रडगाणंच जास्त!"

राजेसाहेबांनी पत्ते उलटे केले. एक पाठ लाल, एक काळी, एक निळी. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पत्त्यांच्या पाठी बघितल्या.

"महाराज," द्वारकीने हळूच विचारलं, "या पत्त्यांनी तुम्ही कुणाशी खेळता?"

"भास्करपंत असतात, राणीसाहेब असतात."

"आणि जिंकतं कोण?"

राजेसाहेबांची मान सावकाश पंतांकडे वळली. पंतांच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्याच महिन्यात डावावर जिंकलेली मोत्यांची कंठी त्यांच्या गळ्यात लटकत होती!

"एकटे पंतच नाहीत काही! आम्हीसुद्धा पाठी बघूनच जिंकतो!" पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, आणि पाठोपाठ खळखळून हसणं.

मग मात्र राजेसाहेबांना राहवेना. गादीवर लोळायचे तेवढे बाकी राहिले! "अरे लबाडांनो! आम्ही म्हणायचो, नशीबच फुटकं आमचं! पंत, काढा ती कंठी! घाल गं पोरी, तुझी झाली ती. हा तुझा नृसिंह. आणि बाकीचे पत्ते उद्या ज्याचे त्याला पोचते करतो."

"एवढी कसली घाई, महाराज?" द्वारकी म्हणाली. "परत करण्याआधी त्याच पत्त्यांनी एक डाव आमच्या बाबांशी खेळा की!"

राजेसाहेब पुन्हा पोट धरून हसायला लागले. द्वारकीला थांबायला वेळ कुठे होता? कंठी गळ्यात, नृसिंह पदराच्या गाठीत, आणि ती घराकडे पळत सुटली. बाबांचं पान वाढायचं होतं.