मुनियेचा एक दाणा

तुमची आई तुमच्याएवढी होती ना, तेव्हाची गोष्ट. कोकणात एक खाचर होतं. खाचर म्हणजे भाताचं शेत. त्याच्या बांधावर राहायची एक मुनिया. चिमणीहूनही लहान! तिच्या चोचीत होता एक दाणा. भाताचा. शेवटचा.

मुनियेला आली शिंक. आऽऽक्छू! दाणा पडला चिखलात. टुपुक!

"खाचरा, खाचरा, माझा दाणा दे!"

"अगं, मी उपाशी! पूर्वी मला हिरवा पाला मिळायचा. पोटभर! आता कुणी विचारत नाही. पाला मिळेल, तर दाणा रुजवीन. दाण्यांची लोंबीच देईन!"

मुनिया उडाली. भुर्र भुर्र भुर्र! करंजाच्या झाडाकडे.

"करंजा, करंजा, पाला दे! खाचर दाणा देईना!"

"फांद्या छाटणार कोण? पूर्वी कोयता यायचा. मला कसं हलकं वाटायचं! कोयता छाटील, तर पाला देईन."

भुर्र भुर्र भुर्र! कोयता भिंतीवर टांगलेला.

"कोयत्या, कोयत्या, फांदी छाट! करंज पाला देईना, खाचर दाणा देईना!"

"मी गंजलो गं! पूर्वी चमचम चमकायचो. दगड धार लावील, तर छाटीन."

भुर्र भुर्र भुर्र! दगड अंगणात बसलेला.

"दगडा, दगडा, धार लाव! कोयता फांदी छाटेना, करंज पाला देईना, खाचर दाणा देईना!"

"मला पाणी कोण पाजणार? पूर्वी शेवंतीकाकी पाजायची. गाणं म्हणत म्हणत! काकी येईल, तर धार लावीन."

भुर्र भुर्र भुर्र! काकी दारात बसलेली. गप्प गप्प.

"काकी, काकी, ऊठ ना! दगड धार लावीना, कोयता फांदी छाटेना, करंज पाला देईना, खाचर दाणा देईना!"

काकी म्हणाली, "बाय माझे, खाचरात पालो तुडवूक गाणा लागता. पूर्वी आमी सातजणी गायचो. एकटीक गाणा येना नाय गो! कोण जोडीक गायत, तर उठीन."

मुनियेने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता जायचं कुणाकडे? तिचं तोंड एवढंसं झालं. मग हळूच म्हणाली, "मी गाऊ?"

"तू? मुठीएवढी पण नाय तू!"

"चिक चिक! चिक चिक!"

काकी हसली. तिचे ओठ हलले. किती वर्षांनी आठवलं!

"पालो गो पालो, चिखलात न्हालो,
खाचर जेवला, ढेकर इलो!"

काकी उठली. काकीने दगडाला पाणी पाजलं. दगडाने धार लावली. घस घस घस! कोयत्याने फांदी छाटली. सप सप सप! करंजाने पाला दिला. सळ सळ सळ!

काकी खाचरात पाला तुडवू लागली. चबक चबक! गाणं गेलं वाऱ्यावर. शेजारणींनी ऐकलं. "अगो, ह्या तर आपला गाणा!" पदर खोचून सगळ्या धावत आल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा! काकी सातवी. आणि मुनिया आठवी!

चबक चबक, चिक चिक! चबक चबक, चिक चिक!

खाचर पोटभर जेवलं. पाला कुजला. पाऊस आला. दाणा रुजला. हिरवा झाला. पिवळा झाला.

कापणीला काकीने एक लोंबी तशीच ठेवली. "ही माझ्या जोडीदारणीची!"

मुनियेने दाणे खाल्ले. टिचिक टिचिक! एक सोडून सगळे. तो एक तिने चोचीत धरला. काकीकडे पाहिलं. शिंक आली नव्हती तरी म्हणाली, "आऽऽक्छू!"

टुपुक!

गोष्ट आमची पिकली, बाळाच्या ताटात वाढली. करा आऽऽ!